परक्या भाषेची कचेरी आणि आपला शब्द
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी सूचना चिटणीसांनी केली, तेव्हा त्यांच्या निवडीचे मला प्रथम नवलच वाटले. मी जुन्या भाषेत सांगावयाचे तर मॅट्रिक झालेला मनुष्य. पुढे अध्यापक विद्यालयाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी माध्यमाच्या मुलांना शिकविण्यात घालविली. जेथे दिवसभर इंग्रजी बोलले जाते अशा कचेरीत मी एक दिवसही नोकरी केलेली नाही. परंतु चिटणीसांचे म्हणणे असे पडले की, आपल्या ज्ञातीतील ज्या घरी जावे त्या घरचा एखादा मुलगा वा मुलगी आज पुण्यास हिंजवडीत, बंगळुरास, नाही तर थेट अमेरिकेत वा इंग्लंडात आहे. ही मुले सुटीत गावी आली की आपल्या जुन्या मास्तरांकडे येऊन बसतात, आणि आईबापांना जे सांगत नाहीत ते मास्तरांना सांगतात. तेव्हा त्यांचे ऐकलेले आणि त्यावरून कुतूहलाने वाचलेले येथे मांडावे, एवढाच माझा अधिकार आहे, आणि तो मी नम्रपणे सांगून ठेवतो.

ह्या मुलांच्या बोलण्यातून एक गोष्ट मला वारंवार जाणवली. घरच्या मंडळींची समजूत अशी असते की, परक्या कचेरीत आपले मूल मागे पडले तर ते इंग्रजी कच्चे असल्यामुळे पडले. म्हणून मग क्लास लावावयाचे, पुस्तके आणावयाची, घरात इंग्रजी बोलण्याचा आग्रह धरावयाचा. प्रत्यक्षात इंग्रजी उत्तम असलेली मुलेही मागे राहतात, आणि व्याकरणाच्या पदोपदी चुका करणारी काही मुले पुढे जातात. मी ह्याचे कारण शोधू लागलो तेव्हा ते एका शब्दात सापडले. तो शब्द म्हणजे भरवसा. बरोबर काम करणाऱ्या माणसाचा आपल्या शब्दावर भरवसा बसला आहे की नाही, ह्यावर सर्व काही अवलंबून असते. आणि तो भरवसा कशाने बसतो, ह्याविषयीची आपली कल्पना व त्यांची कल्पना ह्यांत फार मोठे अंतर आहे.

आपल्यातील विश्वास कसा निर्माण होतो, हे आपण सर्व जाणतोच. आज ह्या सभागृहात एखादा अपरिचित गृहस्थ आला आणि त्याने आपले आडनाव, मूळ गाव व मामाचे घर सांगितले, की पाच मिनिटांत आपण त्याला चहा देतो, दहा मिनिटांत त्याच्या मुलीसाठी स्थळ सुचवितो. त्या गृहस्थाने स्वतः कोणतेही काम करून दाखविलेले नसते. त्याच्या आजोबांची पुण्याई त्याच्या खात्यावर आधीच जमा असते. ज्ञातिसंस्था म्हणून आपण जे काही आहोत ते ह्याच पुण्याईच्या आधारावर, आणि मी ती कमी लेखीत नाही. परंतु शिकागोतील कचेरीत आपल्या मुलाचे आडनाव उच्चारताना तेथील मनुष्याची जीभच वळत नाही. मग त्या आडनावाच्या मागची चार पिढ्यांची पत त्याला कोठून कळणार? तेथे आपल्या मुलाचे खाते शून्यापासून उघडते.

एरिन मेयर नावाच्या एका विदुषी फ्रान्समधील इन्सिआद ह्या व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थेत प्राध्यापिका आहेत. त्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या ‘द कल्चर मॅप’ ह्या ग्रंथात विश्वासाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक विश्वास डोक्याने ठेवावयाचा. समोरच्याचे काम, त्याची तयारी, त्याचा वक्तशीरपणा पाहून तो बसतो. दुसरा हृदयाने ठेवावयाचा. एकत्र जेवण, घरची विचारपूस, सहवास ह्यांतून तो उगवतो. अमेरिकन मनुष्य धंद्यात मुख्यतः पहिल्यावर चालतो, आणि आपल्यासारख्या देशांत दुसऱ्याचे वजन अधिक असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ह्यातून एक गंमतीची फसगत होते. आमच्या मुलांना अमेरिकन सहकारी पहिल्याच दिवशी हसून भेटतो, नावाने हाक मारतो, सुटीत कोठे गेला होता ते विचारतो, आपल्या कुत्र्याचे छायाचित्र दाखवितो. मुलाला वाटते, झाली मैत्री! आणि महिन्याभराने तोच मनुष्य कामातील उणीव चारचौघांत स्वच्छ बोलून दाखवितो, तेव्हा मुलाला तो विश्वासघात वाटतो. पाश्चात्त्य लेखक अमेरिकन स्वभावाला पीच ह्या फळाची उपमा देतात. आपण आंबा म्हणू. वरचा गर तात्काळ हाती लागतो, पण आत कोय असते, आणि तेथे सहजासहजी प्रवेश नसतो. आमच्या कोकणातील माणसाला फणसाची उपमा देतात, ती ह्याच्या नेमकी उलट. आंब्याने फणसासारखे वागावे अशी अपेक्षा ठेवून रुसण्यात अर्थ नाही. त्या हसण्यात ढोंग नसते. ते केवळ तेथील शिष्टाचाराचे आरंभीचे नमन असते.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. तो आहे ‘होय’ ह्या दोन अक्षरांविषयी.

आपल्याकडे ‘होय’ ह्याचे किती अर्थ आहेत, ह्याचा कोणी हिशेब केला आहे काय? ‘होय’ म्हणजे ऐकले. ‘होय’ म्हणजे आपला मान राखतो. ‘होय’ म्हणजे आता अधिक वाद नको. ‘बघतो’ म्हणजे बहुधा नाही. ‘होऊन जाईल’ म्हणजे देवाच्या मनात असल्यास होईल. आपण सर्व ह्या भाषेत वाढलो असल्यामुळे आपल्याला त्यातील छटा बरोबर उमगतात. शिंपी ‘होऊन जाईल’ म्हणाला की आपण मनातल्या मनात आठ दिवस पुढे धरतो. शिवाय आपली मान अशी काही हलते की, पाहणाऱ्या परक्याला ती होकाराची की नकाराची हे कळू नये. परंतु इंग्रजी बोलणाऱ्या कचेरीत ‘येस’ ह्या शब्दाला एकच अर्थ उरतो: हे काम ह्या दिवशी तुमच्या हाती पडेल असे मी वचन देत आहे. आमचा मुलगा आदर म्हणून ‘येस’ म्हणतो, ऐकणारा ते वचन म्हणून वहीत टिपून घेतो, आणि शुक्रवारी दोघेही एकमेकांना अविश्वासू ठरवितात.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांना मी एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबिया देशातील आविआंका ह्या विमान कंपनीचे 52 क्रमांकाचे विमान न्यूयॉर्ककडे येत होते. हवा खराब असल्यामुळे त्याला वाटेत तीन वेळा मिळून सुमारे सव्वा तास आकाशातच घिरट्या घालावयास लावले. इंधन संपत आले. वैमानिकांची मातृभाषा स्पॅनिश, आणि विमानतळावरील नियंत्रकांशी बोलण्याचे काम सहवैमानिकाकडे, इंग्रजीतून. विमानशास्त्रात ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला की बाकी सर्व विमाने बाजूला सारून त्या विमानाला वाट करून देतात. मुख्य वैमानिक सहवैमानिकाला सांगत होता की, आपली इमर्जन्सी आहे हे त्यांना कळव. सहवैमानिकाने ‘आमचे इंधन संपत आहे’ असे सांगितले, तेही दुसऱ्या वाक्याच्या शेवटी जोडून. तो एक शब्द मात्र त्याच्या तोंडून गेला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. नियंत्रकाने विचारले, तुम्हाला सुमारे पंधरा मैल दूर नेऊन पुन्हा वळवितो, तुमच्या इंधनाच्या दृष्टीने हे चालेल ना? सहवैमानिक उत्तरला, ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’ म्हणजे ‘चालेल असे वाटते, आपला फार आभारी आहे.’ त्यानंतर थोड्याच वेळात एकामागून एक सर्व यंत्रे बंद पडली आणि लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथे विमान कोसळले. आतील 158 माणसांपैकी 73 दगावली.

चौकशी समितीने विमानातील मंडळींवर ठपका ठेवला तो इंधनाची व्यवस्था न पाहिल्याचा आणि संकट स्पष्ट शब्दांत न कळविल्याचा. माझ्या मनातून ते ‘थँक यू व्हेरी मच’ काही केल्या जात नाही. तो मनुष्य अडाणी नव्हता, भेकडही नव्हता. वरच्या अधिकाऱ्याला अडचणीत आणावयाचे नाही, आपली गरज मोठ्याने सांगावयाची नाही, ही ज्या घरांत शिकवण असते अशाच एखाद्या घरात तो वाढला असावा असे मला वाटते. आपल्याही घरांत ती शिकवण आहे.

आमच्या ज्ञातीतील एक मुलगी पुण्यातील एका कंपनीत अमेरिकन ग्राहकाचे काम पाहते. नाव सांगत नाही, कारण तिला ते आवडावयाचे नाही. शुक्रवारी द्यावयाचे काम शुक्रवारी होणार नाही, हे तिला बुधवारी दुपारी उमगले. तिच्या गटातील एका मुलाचा सल्ला असा की, आताच बोंब कशाला मारावयाची? दोन रात्री जागू, कदाचित होईलही. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने बुधवारीच पत्र लिहिले. ते तिने मला दाखविले, म्हणून त्यातील मजकूर सांगतो. शुक्रवारी तीन भागांपैकी दोन भाग तयार होतील. तिसऱ्या भागात अमुक एक अडचण निघाली आहे, त्याला मंगळवार लागेल. तिसऱ्याची तुम्हाला निकड असेल तर दुसरा मागे ठेवून तो आधी करते. कोणता हवा ते उद्या सकाळपर्यंत कळवा. क्षमायाचना एका ओळीची, आणि तीही शेवटी. पत्राचे उत्तर दोन ओळींचे आले: दुसराच आधी द्या, आणि वेळेवर सांगितल्याबद्दल आभार. त्यानंतर त्या ग्राहकाने नव्या कामाच्या वेळी तिचे नाव घेऊन तिलाच द्या म्हणून सांगितले.

त्याच कंपनीत दुसऱ्या एका मुलाने अशाच प्रसंगी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मूठ झाकून ठेवली. त्याला कोणी रागावले नाही. परंतु सोमवारपासून त्याच्याकडे रोजच्या रोज कामाचा तपशील मागितला जाऊ लागला, आणि चार महिन्यांनी त्याला त्या कामावरून हलविले. तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणत होता, ‘गुरुजी, मी तर दोन रात्री जागलो होतो!’ त्याच्या कष्टांविषयी मला शंका नाही. पण जागरण ग्राहकाला दिसत नाही. त्याला दिसते ती एवढीच गोष्ट की, बुधवारी ठाऊक असलेले मला शुक्रवारी सांगितले. सव्वा लाखाची मूठ ही आपल्या आळीत चालते. तेथे झाकलेली मूठ रिकामीच धरतात.

ह्या संदर्भात हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमंडसन ह्यांनी 1990 च्या दशकात केलेला एक अभ्यास मोठा उद्बोधक आहे. रुग्णालयातील परिचारिकांच्या निरनिराळ्या गटांत औषधे देण्यात किती चुका होतात, हे त्या पाहत होत्या. जेथे गट एकदिलाने काम करतो तेथे चुका कमी, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटेच आले. चांगल्या गटांतच चुकांची नोंद अधिक! अधिक खोलात गेल्यावर असे दिसले की, त्या गटांत चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर तेथे चूक सांगण्याची भीती नव्हती. वाईट गटांत चुका लपत होत्या. आपल्यापैकी जे कोणी स्वतः अधिकारी आहेत, ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ज्या कचेरीत तक्रार येतच नाही, तेथील साहेबाने आनंद मानण्यापूर्वी थोडा विचार करावा.

आता शब्दांविषयी थोडेसे. शाळामास्तर असल्यामुळे ह्या भागात मी अंमळ रेंगाळलो तर क्षमा असावी.

वर्गात आपण विचारतो, ‘कोणाला काही शंका?’ सारा वर्ग एका सुरात ‘नाहीऽऽ’ म्हणतो, मग समजले असो वा नसो. ही ‘शंका’ आमच्या मुलांबरोबर ‘डाउट’ होऊन परदेशी जाते. ‘आय हॅव अ डाउट’ असे आमचा मुलगा म्हणतो, तेव्हा त्याला एवढेच म्हणावयाचे असते की, मला एक प्रश्न विचारावयाचा आहे. ऐकणारा अमेरिकन वा इंग्रज मात्र असे समजतो की, ह्याला माझ्या म्हणण्याचा, कदाचित माझ्या प्रामाणिकपणाचाच संशय येत आहे. सभेतील वातावरण गार का पडले हे मुलाला कळत नाही. ‘क्वेश्चन’ म्हटले असते तर काही झाले नसते. ‘डू द नीडफुल’ हे आपल्या सरकारी टिपणीतील जुने रत्न. त्यात काय करावयाचे आणि कधीपर्यंत, हे दोन्ही गुलदस्तात राहते. ‘आय विल रिव्हर्ट’ म्हणजे आमच्या दृष्टीने ‘उत्तर देतो’; पुष्कळ परक्यांना ते ‘पूर्वस्थितीला जातो’ असे ऐकू येते. लाख आणि कोटी तर तेथे कोणी ओळखत नाही. दहा लाख म्हणजे एक मिलियन हे हिशेबाच्या वेळी नव्हे, आधीच मनात पक्के हवे. 03/04 अशी तारीख लिहिली तर लंडनमध्ये ती तीन एप्रिल आणि न्यूयॉर्कमध्ये चार मार्च! म्हणून महिना अक्षरात लिहावा. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सारतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. ब्रिटनमध्ये हेच मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. आपली घड्याळे हलत नाहीत. सभेला एक तास उशिरा पोहोचलेला आमचा मुलगा त्या दिवशी बिचारा वेळेवरच आलेला असतो, पण ते पटवून देत बसण्याची वेळ त्याच्यावर यावीच का?

इंग्रजी बोलणारे सर्व लोक एकच भाषा बोलतात, असेही मानू नये. सभेत एखादा विषय ‘टेबल’ करावयाचा असे इंग्रज म्हणतो तेव्हा तो चर्चेला घ्यावयाचा असतो. अमेरिकन म्हणतो तेव्हा तो बाजूला ठेवावयाचा असतो. दोघे सख्खे भाषाबंधू, पण एकाच शब्दावरून विरुद्ध दिशांना जातात. इंग्रज मनुष्य आपल्या कामाला ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला तर लगेच पेढे वाटू नयेत. पुष्कळदा तो आपला नापसंतीचा सूर त्या शब्दात गुंडाळीत असतो. ह्या बाबतीत इंग्रज आणि पुणेकर ह्यांचे जमावयास हरकत नाही असे मला वाटते. ह्या सर्व गोंधळावर मुलांनी मला एकच तोडगा सांगितला, आणि तो मला फार पटला. तोंडी बोलणे झाले की त्याच दिवशी चार ओळी लिहून पाठवावयाच्या: मी असे समजलो, हे मी करीन, हे तुम्ही कराल, ह्या तारखेपर्यंत, चुकत असल्यास कळवावे. वर्गात आपण मुलाला ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणतो, त्याचाच हा प्रकार.

उच्चाराविषयी बोलताना मला सावधपणे बोलले पाहिजे, कारण तेथे दोष आपला नसतो. शिकागो विद्यापीठातील शिरी लेव्ह-आरी व बोआझ केसार ह्या संशोधकांनी 2010 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंटापेक्षा जिराफ पाण्यावाचून अधिक काळ राहू शकतो, अशा प्रकारची साधी वाक्ये निरनिराळ्या माणसांकडून वाचून घेतली आणि श्रोत्यांना विचारले, हे खरे वाटते काय? वाचणारा केवळ दुसऱ्याने लिहिलेले वाक्य वाचीत आहे, हेही श्रोत्यांना सांगितले होते. तरीदेखील ज्यांच्या इंग्रजीवर परभाषेची छाया होती, त्यांच्या तोंडची वाक्ये कमी खरी वाटली! ऐकावयास जे कष्ट पडतात, त्यांनाच मन नकळत असत्य समजते, असा त्यांनी अर्थ लावला. आणि ह्या गोष्टीची श्रोत्यांना आधी जाणीव दिली, तेव्हा सौम्य हेल असलेल्या वक्त्याविषयीचे मत सुधारले, जड हेल असलेल्याविषयीचे नाही.

हा अन्यायच आहे. तथापि त्यावर उपाय म्हणून आमची काही मुले नाकातून अमेरिकन स्वर काढू लागतात, ते मला पाहवत नाही आणि त्याचा उपयोगही होत नाही. उसना आवाज दुसऱ्या वाक्याला गळून पडतो, आणि मग मनुष्यच उसना वाटू लागतो. त्यापेक्षा सावकाश बोलावे; महत्त्वाचा आकडा वा नाव दोनदा उच्चारावे; लहान वाक्ये करावीत; आणि सभेपूर्वी मजकूर लेखी पाठवावा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाला डोळ्यांची साथ मिळते. ‘पुन्हा सांगता का?’ असे कोणी म्हणाले तर ओशाळू नये आणि आपणही तसे विचारावयास कचरू नये. न समजता मान डोलविण्याचा परिणाम काय होतो, तो मी वर सांगितलाच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी ब्रिटनमधील एका रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर आहे. त्याला तेथे सर्वांत अवघड काय गेले असे मी विचारले. मला वाटले, थंडी म्हणेल. तो म्हणाला, ‘सर, “सर” सोडणे.’ पहिल्याच आठवड्यात पन्नाशीच्या शल्यविशारदाने त्याला आपल्या पहिल्या नावाने हाक मारावयास सांगितले. (तेथे शल्यविशारदाला डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणतात, हीही एक जुनी रीत.) आमच्या मुलाने महिनाभर युक्ती केली: हाकच मारावयाची नाही, समोर जाऊन उभे राहावयाचे. पण शस्त्रक्रिया चालू असताना समोर कसे जाणार? आणि रुग्णाची नाडी ढासळली तर हाक तर तत्काळ मारली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी तयार केली. तीत छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगितले आहे ना, हे पाहण्याचे एक कलम आहे. आपली दिल्ली धरून आठ देशांतील आठ शहरांत ह्या यादीचा प्रयोग झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर आले. हे श्रेय एकट्या नावाच्या कलमाचे नव्हे, यादीत इतर पुष्कळ गोष्टी आहेत. परंतु ज्याने आपले नाव एकदा मोठ्याने उच्चारले आहे, त्याला पुढे ‘थांबा, काही तरी चुकते आहे’ असे म्हणावयास बळ येते, हे त्या विद्यार्थ्याने मला स्वतःच्या अनुभवावरून सांगितले. नावाने हाक मारण्यात अनादर नाही. तेथील आदर दुसऱ्या ठिकाणी असतो: समोरच्याची वेळ न दवडण्यात, त्याच्या श्रमाचे श्रेय त्याच्या नावावर टाकण्यात, आणि तो नसताना त्याच्याविषयी तेच बोलण्यात जे तो असताना बोललो असतो.

आता एक अप्रिय गोष्ट. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ती बोलू नये असे कोणी म्हणेल. मला वाटते, तिची जागा हीच आहे.

आपली मुले परक्या ठिकाणी एकत्र आली की त्यांना मायेचा ओलावा मिळतो, हे स्वाभाविक आहे. डब्यातील पोळीभाजी वाटून खाण्यात काहीच गैर नाही. पण पाच माणसे जेवावयास बसली आहेत, त्यांत एक पोलिश आहे व एक तामिळ आहे, आणि बाकीची तिघे मराठीत विनोद करून हसत आहेत, हे दृश्य त्या दोघांना काय सांगते? आपल्याविषयीच बोलत असावेत, असे त्यांना वाटल्यास नवल नाही. आणि ह्याहून वाईट म्हणजे, नव्याने आलेल्या भारतीय सहकाऱ्याला आडनाव विचारावयाचे, त्यावरून समजले नाही तर गाव विचारावयाचे, आणि मग मनातल्या मनात त्याला एका खणात ठेवावयाचे. कामाची शिफारस करावयाची ती आपल्या खणातल्याची. असे करणारे थोडे नाहीत आणि ते सर्व ज्ञातींत आहेत, आपल्याही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला. त्या देशात असे करणारे ते पहिले शहर. परक्यांच्या नगरसभेला आपल्या आडनावांचा अभ्यास करण्याची पाळी आली, ही काही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. आपल्या मंडळाने शिष्यवृत्त्या द्याव्यात, वसतिगृह चालवावे, वधूवरसूचक चालवावे. पण मुलाला निरोप देताना त्याच्या हाती परगावच्या ज्ञातिबांधवांची यादी देतो तेव्हा हेही सांगावे की, बाबा, ही यादी आजारपणासाठी आणि सणावारासाठी आहे. कचेरीत ही उघडू नकोस.

शेवटी, एका मातेने मला मुद्दाम विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथेच देतो, कारण तो आणखी पुष्कळांच्या मनात असावा. कचेरी सुटल्यावर ही मंडळी पबात जातात, वाढदिवसाला मद्य घेतात. आपला मुलगा शाकाहारी, निर्व्यसनी. तो गेला नाही तर परका राहील, आणि गेला तर बिघडेल. काय करावे? मी हे चार मुलांना विचारले, आणि चौघांचे उत्तर सारखे आले. जावे. लिंबू-सोडा मागावा. पेल्यात काय आहे हे कोणी विचारीत नाही. विचारलेच तर ‘मी घेत नाही’ एवढे पुरते, त्यावर पुराणाचे निरूपण करू नये. तास-दीड तास बसावे, आपल्या पाळीला सर्वांचे पैसे द्यावेत, आणि घरी यावे. ज्या गोष्टी सभेत कोणी बोलत नाही त्या तेथे कानी पडतात: कोणाची आई आजारी आहे, कोणाला बदली हवी आहे, कोण कोणावर नाराज आहे. त्यांतील एक मुलगा म्हणाला की, दोन वर्षांत त्याला ज्या माणसाने सर्वांत अधिक मदत केली, त्याच्याशी त्याचे पहिले मनमोकळे बोलणे अशाच एका संध्याकाळी झाले, आणि विषय होता दोघांच्याही वडिलांची गुडघेदुखी.

माझा वेळ संपला, अशी चिठ्ठी चिटणीसांनी पुढे सरकविली आहे. आता कोणाला काही शंका असल्यास जरूर विचाराव्यात. मी हे मराठीत म्हणत आहे, तेव्हा राग येण्याचे कारण नाही.